चोरचोळी आणि रजेचा अर्ज

आमच्या सातारा-सांगली भागात सुनेला दिवस गेले की साधारण तिसऱ्या महिन्यात घरातली मोठी बाई तिला गुपचूप एक नवी चोळी देते. वाजतगाजत काही नाही, शेजारणींना बोलावणं नाही. देवापुढे दिवा, ओटीत मूठभर तांदूळ आणि एक चोळी. हिला म्हणतात चोरचोळी. पुढे पाचव्या-सातव्या महिन्यातलं ओटीभरण, डोहाळजेवण सगळ्या गल्लीला दाखवून होतं, पण ही चोळी मात्र नावाप्रमाणे चोरून. दृष्ट लागू नये आणि काही बरंवाईट झालंच तर चारचौघांत बोभाटा होऊ नये, असे दोन्ही हेतू त्यात असावेत.

आमच्या घरातल्या नोकरी करणाऱ्या मुली मला अधूनमधून विचारतात, "काकू, तुमच्या वेळी बाळंतपणाच्या रजेचं कसं असायचं?" त्यांना वाटतं, मी रजेचे दिवस मोजून सांगीन. तेही सांगते. पण मला खरं सांगायचंय ते रजेच्या आधीच्या तीन महिन्यांबद्दल. म्हणजे चोरचोळीच्या महिन्यांबद्दल. मी स्वतः छत्तीस-सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, निम्मी सांगली जिल्ह्यात आणि निम्मी सातारा जिल्ह्यात. (बी.ए. बाहेरून केलं, त्यात इतिहास होता. त्यामुळे जरा लांबून सुरुवात केली तर सांभाळून घ्या!)

सुरुवात करायची तर ती आमच्याच जिल्ह्यातून होते. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, खंडाळ्याजवळच्या नायगावचा. म्हणजे आपल्याकडची पहिली मास्तरीण साताऱ्याची. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही, पण गरोदर बाईची अडचण त्यांच्याइतकी त्या काळात कुणी ओळखली नसेल. १८६३ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशी सोय होती. तिथं बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी पुढे दत्तक घेतला. २९ ऑगस्ट १८६८ ला सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिरावांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात गावातल्या सहा महिन्यांच्या गरोदर मुलीला आणि तिच्या सोबत्याला गावकरी मारायला निघाले होते, तेव्हा आपण मध्ये पडून त्यांना कसं वाचवलं, ते त्यांनी कळवलं आहे. शिक्षिका आणि गरोदर बाई ही जोडी आपल्या इतिहासात पहिल्यांदा दिसते ती अशी. एक दुसरीला वाचवते आहे.

पण शिक्षिका स्वतःच गरोदर, हे चित्र दिसायला पुढे बराच काळ जावा लागला. पुण्यात १८७० साली स्त्रियांसाठी सरकारी ट्रेनिंग शाळा निघाली, तेव्हा तिथं येणाऱ्यांत बऱ्याच जणी मास्तरांच्या बायका होत्या, नाहीतर विधवा. १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तिथून शिकून बाहेर पडलेल्या विधवांपैकी कित्येक जणी शिक्षिका झाल्या. त्यामुळे लोकांच्या डोळ्यांपुढे मास्तरीण म्हणजे पांढऱ्या किंवा तांबड्या आलवणातली, एकटी, गंभीर बाई. तिला डोहाळे लागतील, वर्गातून उठून बाहेर जावं लागेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग नियमांत तरी कुठून येणार?

कायद्याची गोष्ट गिरणीतून सुरू झाली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथं बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे विश्रांतीचा ठराव झाला. त्या परिषदेला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते आपले ना. म. जोशी. परत आल्यावर त्यांनी १९२४ मध्ये दिल्लीच्या विधिमंडळात तसं विधेयक आणलं, ते नामंजूर झालं. मग मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात विधेयक आलं. १९२८ च्या जुलैत त्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे सगळ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा मातृत्व लाभ कायदा झाला. देशातला हा असा पहिलाच कायदा. पण तो होता कारखान्यातल्या बायकांसाठी, शाळेतल्या बाईंसाठी नव्हे.

शाळा तेव्हा जिल्हा लोकल बोर्डाकडे, पुढे स्कूल बोर्डाकडे. आजही म्हातारी माणसं "बोर्डाची शाळा" म्हणतात ती यामुळे. १९४८ मध्ये सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही संस्थानं विलीन झाली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचे नोकर झाले. मी १९७४ मध्ये लागले तेव्हा शाळांच्या भिंतींवर अजून "जीवन शिक्षण मंदिर" अशी पाटी असायची.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आपल्या मागासलेपणामुळे. तसं नाही हो! इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी शिक्षिकेनं लग्न केलं की नोकरी सोडावी लागे. ती अट तिथं १९४४ च्या शिक्षण कायद्यानं गेली. अमेरिकेत क्लीव्हलंड शहराच्या शाळांत तर असा नियम होता, की गरोदर शिक्षिकेनं बाळंतपणाच्या पाच महिने आधीच बिनपगारी घरी बसायचं. त्याची जी कारणं पुढे आली, त्यांतलं एक असं, की बाईंचं पोट बघून पोरं खुदुखुदू हसतील आणि बाईंना ओशाळं वाटेल! जो कॅरॉल लाफ्लर नावाच्या शिक्षिकेनं हे मानलं नाही, ती कोर्टात गेली, आणि १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम रद्द केला. त्याच वर्षी मी इकडे जत तालुक्यात पहिल्यांदा खडू हातात घेतला. तिकडच्या नियमाच्या मानानं आपल्याकडे बरं होतं. पोट दिसतं म्हणून घरी जा, असं मला तरी कुणी म्हटलं नाही. आमच्या वर्गातल्या पोरींना बाईंचं पोट बघून हसू आलं नाही. त्यांच्या घरात दरसाल एक बाळंतीण असायचीच.

तर आपल्याकडे नियम काय होता? १५ ऑगस्ट १९८१ पासून महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम लागू झाले. बाळंतपणाची रजा ९० दिवस. त्याच नियमांत गर्भपात झाला तर सहा आठवड्यांपर्यंत रजेची सोय. ही रजा वैद्यकीय दाखल्यावर मिळे. त्याआधीच्या १९६१ च्या केंद्रीय मातृत्व लाभ कायद्यात बारा आठवडे होते, आणि गरोदरपणामुळे आजारी पडलं तर आणखी महिनाभराची सोयही होती. म्हणजे कागदावर अगदीच काही नव्हतं असं नाही.

पण मंडळी, ९० दिवस कुठं खर्च करणार? बाळ झाल्यावरच ना? पोट दिसायला लागेपर्यंत एक दिवसही त्यातला वापरायचा नाही, हे प्रत्येकीनं मनाशी ठरवलेलं असे. त्यात प्राथमिक शिक्षकांना मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी म्हणून इतर नोकरांसारखी अर्जित रजा नाही. त्यामुळे बायकांचं गणित असायचं, की बाळंतपण मार्च-एप्रिलात यावं आणि रजा मे महिन्याच्या सुट्टीला जोडली जावी. (गणित नेहमी जमायचं असं नाही, देवाच्या हातात!) आता एप्रिलात बाळंत व्हायचं तर पहिले तीन महिने कधी येतात बघा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. म्हणजे शाळा नुकती भरलेली, पहिलीची पोरं रडणारी, छप्पर गळणारं, १५ ऑगस्टची कवायत, आणि ओल्या कपड्यांचा, शेणानं सारवलेल्या जमिनीचा, थुंकी लावून पुसलेल्या पाट्यांचा वास. ज्यांना मळमळीचा अनुभव आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

माझं पहिलं असंच झालं. १९७६ चा पावसाळा. आणीबाणी चालू होती. शिक्षकांना कुटुंब नियोजनाच्या "केसेस" आणायचं काम लावलेलं. शाळा सुटली की लाल त्रिकोणाचं पत्रक घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरायचं, आणि नसबंदीसाठी माणसं तयार करायची. मला दोन महिने झालेले, कुणाला सांगितलेलं नाही, आणि मी दारोदार दोन मुलांचं महत्त्व सांगतेय. एका घरात बोलता बोलता कोरड्या उलट्या सुरू झाल्या. त्या घरच्या आजीबाईंनी काही न विचारता ताकात मीठ घालून आणून दिलं आणि म्हणाल्या, "बाई, तुझं आधी होऊ दे, मग आमचं बघू." पुढचे दोन महिने त्यांच्या घरून रोज शाळेत ताकाची कळशी येत होती. सगळ्यांसाठी म्हणून यायची, पण कुणासाठी ते त्यांना आणि मला ठाऊक.

एकशिक्षकी शाळेतल्या बाईचं तर विचारू नका. चार इयत्ता एका खोलीत. ती पाच मिनिटं बाहेर गेली की शाळा बंद. आणि जायचं कुठं? पहिल्या तीन महिन्यांत सारखं लघवीला जावं लागतं, हे काय गुपित आहे का? पण शाळेला मुतारी नाही. कुणाच्या तरी परड्यात जायचं, नाहीतर पाणीच प्यायचं नाही. कित्येक जणी पाणी पीत नसत. त्यातून होणारी जळजळ, ताप, हे सगळं "बाईचं असतंच" या सदरात जाई.

या बाबतीत १९८७ ची खडू-फळा मोहीम ही मला तरी खरी क्रांती वाटते. तिच्या उद्दिष्टांत होतं, प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, आणि किमान दोन शिक्षक, त्यांतली शक्यतो एक बाई. लोकांना आठवतात ती त्यातली पेटी आणि साहित्य. मला आठवतो तो दुसरा शिक्षक. वर्ग सांभाळायला दुसरं माणूस असणं म्हणजे गरोदर बाईला दहा मिनिटं टेकायला मिळणं. पुढे २००० साली तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा आला, त्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हा नियमच झाला. यांतलं काहीही "गरोदर शिक्षिकांसाठी" म्हणून झालेलं नाही. पण पहिल्या तीन महिन्यांत तिला रजेपेक्षा याच गोष्टी जास्त उपयोगी पडल्या.

तशीच गोष्ट आजारांची. प्राथमिक शाळा म्हणजे गोवर, कांजिण्या, गालफुगी यांचं माहेरघर. सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं, की गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला जर्मन गोवर, म्हणजे रुबेला झाला, तर बाळाला जन्मतः मोतीबिंदू होऊ शकतो. सगळ्यात जास्त धोका पहिल्या तीन महिन्यांत. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. अंगावर पुरळ आलेलं पोर आम्ही मांडीवर घेऊन त्याच्या घरी पोचवत होतो. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, ती शाळाशाळांतून. मी निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण टीव्हीवर ती रांग बघून मला पोरांइतकंच बाईंसाठीही बरं वाटलं. फॉलिक अॅसिडचंही तेच. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासानं सिद्ध झालं, की ही गोळी दिवस जाण्याआधीपासून घेतली तर बाळाच्या मणक्याचे दोष बरेच टळतात. आमच्या वेळी सिस्टर लोहाच्या गोळ्या आणून द्यायच्या, पण त्या पोट दिसायला लागल्यावर!

आता जे सांगायचं ते थोडं जड आहे. १९८२ मध्ये मला पुन्हा दिवस गेले. तोवर ह्यांच्या नोकरीमुळे मी सातारा जिल्ह्यात आले होते. ऑगस्ट महिना, तिसरा सरत आलेला. सासूबाईंनी चोरचोळी शिवून ठेवली होती, ती द्यायच्या आधीच गर्भपात झाला. मी चार दिवस किरकोळ रजा घेतली आणि पाचव्या दिवशी दुसरीच्या वर्गावर उभी राहिले. पाढे म्हणून घेतले. सहा आठवड्यांच्या रजेचा नियम वर्षभरापूर्वीच लागू झालेला होता. पण ती रजा मागायची तर अर्ज लिहायचा, दाखला जोडायचा, तो मुख्याध्यापकांकडून केंद्रशाळेत, तिथून पंचायत समितीत जाणार. वाटेत सगळे पुरुष. ज्या गोष्टीबद्दल घरात दिरांपुढेही बोलायचं नाही, ती आवक-जावक रजिस्टरात कशी चढवायची? माझ्या अर्जात कारण होतं "घरगुती". हजेरीपटावर चार दिवस "कि. र."

निवृत्तीनंतर एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही जुन्या शिक्षिका जमलो होतो. कशावरून तरी विषय निघाला. सात जणींपैकी तिघींचं असंच झालेलं निघालं. तिघींचंही किरकोळ रजेवर भागलेलं, तिघींचंही कारण "घरगुती". चाळीस वर्षं एकमेकींना ओळखत होतो, एका गाडीनं जात-येत होतो, आणि हे पहिल्यांदा बोललो.

मला वाटतं, सगळी अडचण इथं आहे. रीतीला पहिले तीन महिने माहीत होते. म्हणून तर चोरचोळी आहे! त्या महिन्यांत बाईला जपायचं असतं, हे आपल्या आज्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय कळलं होतं. पण त्यांनी ते जपलं ते लपवून. कायद्याला मात्र दाखला हवा, अर्ज हवा, तारीख हवी. जे सांगायचंच नाही, त्यासाठी रजा मागायची तरी कशी? रीत आणि कायदा या दोघांच्या मधल्या फटीत आम्ही नोकरीवाल्या बायका सापडलो.

आणि सांगायची भीती काही खोटी नव्हती. निर्मला किंवा सुमनचं जाऊ द्या, नीरा माथुर यांचं उदाहरण तर जाहीर आहे. आयुर्विमा महामंडळात त्या लागल्या तेव्हा छापील फॉर्ममध्ये मासिक पाळीच्या तारखांबद्दल, बाळंतपणांबद्दल प्रश्न होते. गरोदरपण लपवलं म्हणून त्यांना परिवीक्षा काळात काढून टाकलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं, आणि असले रकाने फॉर्ममधून काढा असंही सांगितलं. ८ मार्च २००० ला, बरोबर महिला दिनी, त्याच न्यायालयानं दिल्ली महापालिकेतल्या रोजंदारीवरच्या बायकांनाही मातृत्वाचे लाभ द्यायला सांगितले. म्हणजे कायम नोकरी नसली तरी बाळंतपण हे बाळंतपणच, हे मान्य झालं.

त्यानंतर रजा वाढत गेली. ऑगस्ट २००९ मध्ये राज्यात ती १८० दिवसांची झाली, दोनपेक्षा कमी हयात मुलं असतील तर. २०१७ मध्ये केंद्राच्या कायद्यातही पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांचे सव्वीस आठवडे झाले. २०१८ मध्ये राज्यानं बालसंगोपन रजा दिली. हे सगळं फार चांगलं झालं, आमच्या ९० दिवसांच्या मानानं तर स्वर्गच! पण नीट बघितलं तर ही बहुतेक वाढ बाळ झाल्यानंतरची आहे. पहिल्या तीन महिन्यांतल्या सकाळी साडेदहाच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या बाईची मळमळ जशीच्या तशीच. उलट आता त्यात शाळेत शिजणाऱ्या खिचडीच्या फोडणीची भर!

त्यावर आणखी एक रजा हा उपाय आहे का? मला तसं वाटत नाही, कारण ती मागायला पुन्हा तोच अर्ज लिहावा लागणार. माझं म्हणणं साधं आहे. शाळेत काही गोष्टी न मागता असाव्यात. प्रत्येक वर्गात बाईंना बसायला खुर्ची, प्यायला पाणी, किल्ली मागायला न लागणारं स्वच्छतागृह, आणि दहा मिनिटं वर्ग सांभाळायला दुसरं माणूस. रजेच्या अर्जावर "वैयक्तिक" एवढंच कारण चालावं, आणि वाचणाऱ्यानं पुढे विचारू नये. त्या आजीबाईंनी ताक पाठवताना मला कारण विचारलं नव्हतं, दाखलाही मागितला नव्हता.

असो. लांबण लागली. पण आपल्या घरातल्या, ओळखीतल्या जुन्या शिक्षिका आता एकेक करून चालल्या आहेत. कुणाची आत्या असेल, कुणाची आई. त्यांच्या बाळंतपणाच्या रजेच्या नोंदी सेवापुस्तकात आहेत, त्या सापडतील. पण त्याआधीचे तीन महिने कसे गेले, ताक कुणी दिलं, वर्ग कुणी सांभाळला, आणि काहींच्या बाबतीत काय गेलं, हे कुठल्याच दप्तरात नाही. जवळ बसून विचारा. सांगतील. गाव आणि साल तेवढं लिहून ठेवा.